लक्ष्याचे आकडे

दुर्ग स्थानकातून दल्ली-राजहऱ्याच्या दिशेने आगगाडी निघाली की थोड्याच वेळात मरोदा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. नाव फारसे कोणाच्या ओळखीचे नाही. पण राजहऱ्याच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन भिलाईकडे जाणाऱ्या मालगाड्या याच मार्गाने जातात, आणि तांदुळ्याच्या कालव्याने येणारे पाणी मरोद्याच्या जलाशयात साठून भिलाईच्या पोलाद कारखान्याला पुरवले जाते. खनिज एका वाटेने येते, पाणी दुसऱ्या वाटेने येते, आणि दोन्ही मोजून घेतली जातात. मोजमापाच्या इतिहासाविषयी चार शब्द बोलायचे असतील तर मरोद्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडाचा कारभार नागपूरकरांच्या हाती होता. पुढे इंग्रजी राज्यात आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोवियत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, त्या दिवशीही मरोद्याचे सरकारी कागद नागपुरासच जात असत. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि ही वाट भोपाळकडे वळली. २००० सालापासून ती रायपुराकडे जाते.

त्या कराराच्या मध्यभागी एक आकडा होता. वर्षाला दहा लाख टन पोलादाचे ठोकळे! भाताच्या खाचरांच्या त्या प्रदेशात तोवर एकही झोतभट्टी नव्हती. अशा ठिकाणी हा आकडा आधी आला आणि कारखाना मागाहून. भट्ट्या किती असाव्यात, प्रत्येकीचे पोट केवढे असावे, खनिज किती लागेल, पाणी किती लागेल, हे सारे त्या एका आकड्यातून उलट्या हिशेबाने निघाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लाख टनांचा पहिला टप्पा १९६१ मध्ये पुरा झाला. १९६७ मध्ये क्षमता पंचवीस लाखांवर गेली, १९८८ मध्ये चाळीस लाखांवर. आकड्याच्या सामर्थ्याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा? हजारो अनोळखी माणसांचे श्रम एका दिशेने वळवायचे असतील, तर स्पष्ट आणि मोजता येण्याजोगे लक्ष्य हे फार मोठे साधन आहे, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. लक्ष्य कशाचे ठरवावे? आणि ते गाठले की नाही, हे कोणत्या मापाने पाहावे?

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने १९६०-६१ साठी साऱ्या देशाचे लक्ष्य साठ लाख टन ठरवले होते. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर या तीन नव्या कारखान्यांचे प्रत्येकी दहा लाख, जमशेदपूरच्या टाटांचे वीस लाख आणि बर्नपूरचे दहा लाख, अशी ती बेरीज होती. त्या वर्षी प्रत्यक्ष उत्पादन झाले ते मात्र सुमारे पस्तीस लाख टनांच्या आत. आता हे यश म्हणायचे की अपयश? ज्याने भट्ट्या मोजल्या त्याला काम बहुतेक पार पडलेले दिसले, आणि ज्याने पोलाद तोलले त्याला ते निम्म्याहून थोडेच पुढे सरकलेले दिसले. दोघेही खरे बोलत होते. क्षमता हे एक माप आहे, उत्पादन हे दुसरे. लक्ष्य ठरवताना यांतले कोणते आपल्याला अभिप्रेत आहे हे स्वच्छ सांगितले नाही, तर वर्षाअखेर प्रत्येकजण आपल्या सोयीचे माप पुढे करतो. न्याय म्हणून सांगितले पाहिजे की, तीन नव्या कारखान्यांपैकी आपली नेमलेली क्षमता सर्वांत आधी भिलाईनेच गाठली.

भिलाईला तंत्रज्ञ आणि यंत्रे देणारा सोवियत संघ हा तर आकड्यांच्या लक्ष्यांवर चालणारा देश होता. तेथला अनुभव मोठा उद्बोधक आहे. कारखान्याला टनांचे लक्ष्य दिले की माल जड होऊ लागे, आणि नगांचे दिले की तो हलका व नाजूक होई. प्रचंड आकाराचा एकच खिळा तयार करून साऱ्या महिन्याचे वजन भरून काढणाऱ्या कारखान्याचे व्यंगचित्र तेथल्याच विनोदी पत्राने छापले होते. भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच १९५९ साली, झुंबरे अकारण जड बनतात अशी तक्रार खुद्द ख्रुश्चेव यांनी केली. लक्ष्य ओलांडणे हेही धोक्याचेच असे, कारण यंदा जास्त माल काढला की पुढच्या वर्षी लक्ष्य वाढवून मिळे. म्हणून शहाणा व्यवस्थापक आपली खरी ताकद झाकून ठेवी. १९६२ मध्ये लिबरमन या अर्थशास्त्रज्ञाने ‘प्रावदा’तून या पद्धतीत बदल सुचवले आणि १९६५ मध्ये कोसिगिन यांनी काही सुधारणा अमलात आणल्या. रोग मात्र मुळातून गेला नाही.

आपल्याकडे या रोगावरचे एक साधे औषध फार दिवसांपासून माहीत आहे, आणि ते उसाच्या मळ्यात सापडते. प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. गाडगीळ जन्माने नागपूरचे. ते त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते आणि पुढे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. साखर कारखान्याचा हंगाम कसा गेला असे विचारले, तर जाणता शेतकरी एका आकड्यावर समाधान मानीत नाही. गाळप किती झाले आणि उतारा किती पडला, असे दोन प्रश्न तो जोडीने विचारतो. नुसते गाळप वाढवायचे म्हटले तर कच्चा किंवा शिळा ऊसही चरकात जाईल, मोळ्यांचे टन फुगतील आणि साखर घटेल. नुसता उतारा सांभाळायचा म्हटले तर निवडक ऊस घेतला जाईल आणि बाकीच्यांचा ऊस रानात उभा वाळेल. गाळप आणि उतारा एकमेकांवर पहारा ठेवतात. एका मापाला दुसऱ्या मापाची जामीनकी असावी, हे तत्त्व आमच्या शेतकऱ्याला कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

भिलाईलाही ते शिकावेच लागले. हा कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. रुळाचा हिशेब वजनाचा, मीटरला साठ किलो. पण वितळलेल्या पोलादात हायड्रोजन वायू प्रमाणाबाहेर राहिला, तर निवलेल्या रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडतात. त्या वरून दिसत नाहीत. वर्षानुवर्षे चाकांचा भार सोसता सोसता एके दिवशी रूळ तुटतो. असा रूळ तराजूत चांगल्या रुळाइतकाच भरतो, हे लक्षात घेतले पाहिजे. म्हणून रेल्वेने रुळांच्या पोलादातील हायड्रोजनची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी उतरवली, आणि ती पाळण्यासाठी भिलाईत वितळलेल्या पोलादातील वायू निर्वातात ओढून घेणारी यंत्रणा बसवावी लागली. दहा लाख टनांपासून सुरू झालेला कारखाना अशा रीतीने दहा लाखांतल्या दीड-पावणेदोन भागांचा हिशेब करू लागला. त्या अपूर्णांकावर आगगाडीतल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

मोजमापाची आणखी एक बाजू राजहऱ्याने दाखवली. तेथल्या खाणींत हजारो कंत्राटी मजूर हाताने खनिज फोडून गाड्या भरीत, आणि मजुरी मिळे ती भरलेल्या मालावर. मजूर पहाटे कामावर हजर, पण गाडीच आली नाही किंवा यंत्र बंद पडले, तर हिशेबाच्या वहीत त्याचा दिवस शून्य! १९७७ मध्ये तेथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरांचे मोठे आंदोलन झाले. मजुराचा दोष नसताना काम मिळाले नाही तर त्या दिवसाचाही काही पगार मिळावा, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. त्या जूनमध्ये तेथे गोळीबार झाला आणि माणसे दगावली. मापाचा हा प्रश्न किती रक्ताचा होऊ शकतो, हे त्यावरून कळावे. ज्याच्या हातात जे नाही, त्याचा हिशेब त्याच्या नावावर लिहू नये, एवढेच ते मजूर सांगत होते.

हा सारा इतिहास आज आठवण्याचे कारण निराळेच आहे. ज्या दुर्ग जिल्ह्यात झोतभट्टी पेटली, त्याच जिल्ह्यात कुटेलाभाठा येथे आता भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर उभा आहे. ही संस्था २०१६ साली सुरू झाली. तिच्यातले, तसेच पुण्या-नागपुरातले असंख्य तरुण पुढे संगणकाच्या आज्ञा लिहिण्याच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, धंद्यात शिरतात. तेथे त्यांना पहिल्याच तिमाहीत भेटते ते मोजता येण्याजोगे लक्ष्य. या पद्धतीचीही वंशावळ आहे. भिलाईच्या कराराच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, पीटर ड्रकर यांनी उद्दिष्टांनुसार कारभार चालवण्याचा विचार आपल्या ग्रंथात मांडला. इंटेल कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी त्याला उद्दिष्टाखाली मोजके, मोजता येणारे परिणाम लिहिण्याची शिस्त जोडली, आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ती गूगल या तेव्हाच्या नवख्या कंपनीत नेली. तेथून ती जगभर पसरली.

पण येथेही पहिली चूक टनांचीच झाली. सॉफ्टवेअरला वजन नाही, म्हणून लोक ओळी मोजू लागले. १९८२ मध्ये ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ या संगणकावर काम चालू असताना, प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी लिहिल्या हे तक्त्यात भरून द्यावे, असा नियम निघाला. बिल ॲटकिन्सन या अभियंत्याने त्याच आठवड्यात चित्ररेखनाचा एक भाग नव्याने रचून तो कितीतरी वेगवान केला होता, आणि तसे करताना दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने तक्त्यात ‘उणे २०००’ असे लिहून दिले. जड झुंबरांची जी गोष्ट मॉस्कोत घडली, तिचेच हे उलट टोक. अलीकडे या क्षेत्रातल्या जाणत्यांनी मापांच्या जोड्या लावल्या आहेत. बदल किती वेळा आणि किती लवकर वापरणाऱ्यापर्यंत पोचतात, हे एकीकडे. त्यांतले किती बिघडतात आणि बिघाड किती वेळात सावरतो, हे दुसरीकडे. आपल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, हे तर गाळप आणि उतारा!

आणखी एक भेद या तरुणांनी ध्यानात ठेवावा. काही लक्ष्ये वचनाची असतात, काही उमेदीची. उमेदीच्या लक्ष्याचा साठ-सत्तर टक्के भाग साधला तरी गूगलमध्ये तो चांगला मानीत. साठ लाख टनांपैकी पस्तीस लाख हे प्रमाण तितकेसे दूर नाही. पण योजनेचे पोलाद हे वचन होते. त्यावर पूल, वाघिणी आणि रूळ अवलंबून होते. वचन म्हणून सांगायचे आणि उमेद म्हणून मोजायचे, किंवा उमेद म्हणून ठरवून घ्यायचे आणि वचनभंग म्हणून पगार कापायचा, हे दोन्ही अप्रामाणिकपणाचेच प्रकार आहेत. आकडा एकदा बक्षिसाला आणि शिक्षेला बांधला, की माणसे कामाऐवजी आकडाच सुधारू लागतात. गूडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये हेच निरीक्षण चलनव्यवहाराच्या संदर्भात नोंदवले.

श्रोतेहो, मग मोजूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे मरोद्याच्या जलाशयात पाणी किती आहे हे न पाहता भट्टी पेटवण्यासारखे होईल. मोजलेच पाहिजे. पण काम कशासाठी आहे हे आधी ठरवून मग माप निवडावे. संख्येच्या मापाला गुणवत्तेच्या मापाची जोड द्यावी. आणि ज्याचे काम मोजायचे त्याला माप ठरवण्याच्या बैठकीत बसवावे, कारण गाडी का आली नाही हे त्यालाच ठाऊक असते. मरोद्यावरून आजही खनिजाच्या गाड्या जातात. त्यांचे वजन कागदावर लिहिलेले असते. त्या वजनाबरोबर, त्या ज्यांनी भरल्या त्यांचा दिवस कसा गेला आणि त्या खनिजाचा रूळ उद्या कोणाला वाहून नेणार आहे, याचाही विचार ज्याच्या हिशेबात असेल, त्याला लक्ष्य ठरवण्याची विद्या साधली असे समजावे.