टायर काळा कसा झाला? गोष्ट गुठळ्या फोडण्याची

बाईक असो की एसटी, टायर काळाच. पण रबराच्या झाडाचा चीक पांढरा असतो, आणि सुरुवातीचे टायरही फिकट, करडे असायचे. मग हा काळा रंग आला कुठून?

कार्बन ब्लॅकमधून. म्हणजे अतिशय बारीक काजळी. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांच्या लक्षात आलं, की ही काजळी मिसळली तर रबर कितीतरी चिवट होतं. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. पण ‘मिसळली तर’ हे म्हणायला सोपं आहे, करायला नाही.

टायरमधल्या काजळीचा कण साधारण २० ते ३० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. इतके बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. भज्यांचं पीठ आठवा. बेसनात एकदम भरपूर पाणी ओतलं की गुठळ्या नुसत्या तरंगतात, कितीही ढवळा. म्हणून आई आधी थोडंसंच पाणी घालून घट्ट पीठ फेटते. घट्टपणामुळे जोर गुठळीपर्यंत पोचतो आणि ती फुटते. रबराचंही तेच. गुठळ्या सगळीकडे पसरवणं हे एक काम, त्या फोडणं हे दुसरं. आणि न फुटलेली गुठळी म्हणजे पुढे जिथून तडा सुरू होतो ती जागा.

रबराला असा जोर द्यायची कला जुनी आहे, म्हणून थोडं मागे जाऊ. १८२० मध्ये इंग्लंडमधल्या थॉमस हॅनकॉक यांनी रबराचे उरलेले तुकडे बारीक करायला दातेरी यंत्र बनवलं. तुकडे व्हायचे सोडून रबराचा गरम, मऊ, एकसंध गोळा बाहेर आला! हे गुपित राहावं म्हणून त्यांनी यंत्राला नाव दिलं ‘लोणचं’. पेटंट घेतलं थेट १८३७ मध्ये. तोवर, १८३६ मध्ये, अमेरिकेत एडविन चॅफी यांनी तापवलेल्या रोलरच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं.

पुढे काजळी आली तीही रोलरवरच मिसळली जायची. दोन रोलर वेगवेगळ्या वेगानं फिरतात, मधल्या फटीत रबर चिरडलं जातं. समोर उभा कामगार वरून काजळी टाकतो, सुरीनं रबर कापतो, दुमडतो, पुन्हा आत सोडतो. काळी धूळ नाकातोंडात, आणि हात फटीत सापडण्याची भीती कायम. माल कसा होईल, हेही त्याच्या हातावर.

१९१६ मध्ये फर्नली बॅनबरी यांनी हे सगळं बंद पेटीत नेलं. आत दोन वळणदार रोटर, वरून दाबणारा दट्ट्या, भिंतींना थंड पाणी. थंड पाणी कशाला? घुसळताना रबर तापतं, तापलं की पातळ होतं, आणि पातळ रबरात गुठळ्या फुटत नाहीत. म्हणजे नुसतं जास्त वेळ घुसळून भागत नाही. कोणत्या क्षणी काय घालायचं, हे ठरवावं लागतं. आजही रबर कारखान्यांत या यंत्राला ‘बॅनबरी’च म्हणतात.

१९९० च्या दशकात मिशलिननं सिलिका वापरून इंधन वाचवणारे टायर आणले, तेव्हा पेच आणखी वाढला. सिलिकाचे कण रबरापेक्षा एकमेकांनाच जास्त धरून बसतात. त्यांना रबराशी जोडणारं सिलेन नावाचं रसायन मिक्सरमध्येच, पुरेशा उष्णतेत काम करतं. उष्णता कमी पडली तर जोड होत नाही, जास्त झाली तर रबर आतच घट्ट व्हायला लागतं. मिक्सर आता रासायनिक भट्टीही झाला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवा पदार्थ, नवा शोध, याचंच कौतुक जास्त. पण काजळी माणसाकडे हजारो वर्षं होती. टायर टिकायला लागला तो ती नीट मिसळता आल्यावर. त्यामुळे यापुढे ‘चमत्कारी नॅनो पदार्थ’ अशी बातमी दिसली, की एकच प्रश्न विचारा: ठीक आहे, पण हे मिसळणार कसं?

भेटू पुढच्या भागात!