मनी, मोसंबी आणि नाताळ

राजूर म्हणजे गणपतीचं गाव. उंदीरमामांच्या मुलखात मांजरानं बेतानं राहावं, ही आपली आमची कारकुनी समजूत!

शेजारचे मास्तर बेथेलचे, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतले. १८४८ साली लंडनच्या साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या नाताळझाडाचं चित्र छापून आलं अन् ती हौस पसरत गेली. मास्तर ती सुरूच्या फांदीवर भागवत. फांदीला त्यांच्या आईच्या वेळचा उरलेला एकुलता काचेचा गोळा. खाली टपलेली आमची मनी!

शेंडा सुतळीनं खिळ्याला बांधला, गोळा उंच टांगला, बुंध्याशी मोसंबीच्या साली पसरल्या. तो वास मांजरांना खपत नाही. मनी नाक मुरडून गेली. गोळा वाचला, मोसंबी आम्ही खाल्ली. जमाखर्च जुळला!