एका किलोमीटरातली शाळा

दिपोटी येणार असले की आमच्या काशी गावच्या शाळेत पाड्यावरची पोरं दिसायची, असं माझी थोरली आत्या सांगते. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे डेप्युटी साहेब. ते येणार ही वर्दी आदल्या दिवशी भाईंदर स्टेशनावरून कुणीतरी घेऊन यायचं. मग मास्तर दोन थोराड पोरांना डोंगराकडे पिटाळायचे. सकाळी वारल्यांची, कातकऱ्यांची पाच-सात पोरं देवळाच्या ओसरीत मागच्या कडेला हजर. केस ओले, सदरे कुणाकुणाचे मागून आणलेले. हजेरीपटावर त्यांची नावं वर्षभर असतच. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, बाकी तोंड उघडायचं नाही, एवढा धडा त्यांना रस्त्यातच दिलेला असायचा. साहेब वळले की प्रत्येकाला गुळाचा खडा, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं पुन्हा रानात फाट्यांना. "शालंन सगली व्हती," आत्या म्हणते, "पन एक दिसापुरती."

आत्याने ऐंशी कधीच ओलांडली. तिची स्वतःची शाळा दुसरीत संपली. लावणीच्या दिवसांत आजी शेतावर जायची आणि पाठचं भावंड आत्याच्या कडेवर यायचं. "जावाचं मन व्हतं, येल कवा व्हता?" हे ती तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, भात निवडता निवडता म्हणते.

काशी आणि मिरे ही तेव्हा दोन वेगळी गावं होती. ठाणे जिल्ह्यातली, भातशेतीची, आगऱ्यांच्या मोठ्या वस्तीची. खाडीच्या अंगाला खाजणं आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला आता राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते रान. महामार्गावर नाका झाला, आणि नाक्याने दोन्ही नावं एकाला एक जोडून टाकली. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकच. पुढे शिकायचं तर बांधाबांधाने चालत जायचं. ज्याच्या घरी एक माणूस कामावाचून मोकळा सोडता येईल, तोच जाणार.

लग्नाकार्यात म्हातारे भेटले की हटकून सांगतात, आमच्या वेळी मालकाचा नि गड्याचा पोरगा एकाच बाकावर बसायचा. बाक नव्हतेच मुळी, तो भाग वेगळा. पण बाकांचं सोडलं तरी आत्याच्या गोष्टीतली ती मागची कड उरतेच. गावात एकच शाळा होती म्हणून गाव एकत्र शिकलं असं होत नाही. ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं ते सगळे तिथे होते आणि ज्यांना तिथेही येणं परवडत नव्हतं ते रानात होते. मुली घरात होत्या.

तरी एक गोष्ट त्या शाळेत होती, ती मला नंतर कुठे दिसली नाही. गावातल्या बऱ्या घरांची पोरं तिथेच होती. त्यामुळे ओसरीचं छप्पर गळलं की ते बऱ्या घरांच्याच पोरांवर गळायचं, आणि पुढच्या पावसाआधी कौलं चाळून व्हायची. मोठे बाबा, म्हणजे माझे आजोबा, हे काम अभिमानाने सांगायचे. शिक्षणाविषयी त्यांना फारसं ममत्व नव्हतं. त्यांचा पोरगा भिजत होता, इतकाच मुद्दा होता.

कुळकायद्याने 1957 साली मोठे बाबा कसत होते त्या जमिनीचे मालक झाले. दोनएक वर्षांत ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना फीमाफी आली. तिला सगळे 'ईबीसी' म्हणायचे, आमच्याकडे 'येबीशी'. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावातली शाळा झेडपीची झाली. त्याच दशकात कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात एक साधी सूचना केली: शेजारची शाळा तीच सगळ्यांची शाळा, त्या टापूतलं प्रत्येक पोर, कुठल्याही घरचं असो, तिथेच जाईल. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सरसकट शाळांत बसवायचा हुकूम काढला, त्या मातीतला माणूस. वेगळी शाळा बंद केल्याशिवाय एकत्र शाळा होत नाही, हे तिकडे अर्धशतक आधी करून पाहिलेलं होतं. आयोगाची सूचना मात्र कागदावरच राहिली. बऱ्या घरच्या पोरांना शेजारच्या शाळेत बसवायला कुणालाच सांगायचं नव्हतं.

आमच्या घरात ही फाळणी 1985 साली झाली. त्या वर्षी जूनमध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, आणि त्याच जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाचं नाव मिरा रोडच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. मी झेडपीच्या शाळेतच राहिले. मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मुलीला मराठी शाळा, मुलाला इंग्लिश मीडियम, हा तेव्हाचा आगरी घरांतला ठरलेला हिशोब. स्टेशनकडे शांतीनगरच्या इमारती उठत होत्या, शेतजमिनीला कधी नव्हे तो भाव आला होता, मोठ्या बाबांनी एक तुकडा विकला होता. भावाच्या गळ्यात टाय आला. तो टाय आजी रोज स्वतः बांधायची, कासऱ्याची गाठ मारतात तसा, आणि तो शाळेत पोचेपर्यंत सुटायचा नाही. सुटायचा नाही म्हणून संध्याकाळी कात्रीपर्यंत गोष्ट जायची. मी त्याच्या रिक्षामागून चालत जायचे. आमच्या वर्गातली गावकऱ्यांची पोरं पुढे वर्षागणिक कमी होत गेली आणि त्यांच्या जागी नाक्यावरच्या खाणकामगारांची, चाळींतल्या भाडेकरूंची पोरं आली. पुढे त्या शाळेचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा कौलं चाळायला गावातून कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

गाव किती वेगाने शहर झालं ते जनगणनेत दिसतं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 मध्ये पावणेदोन लाख, 2001 मध्ये सव्वापाच लाख, 2011 मध्ये आठ लाखांवर. 2002 च्या फेब्रुवारीत नगरपालिकेची महानगरपालिका झाली. झेडपीच्या शाळा पुढे पालिकेकडे आल्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा माध्यमांच्या. तिथले शिक्षक डीएड-बीएड झालेले, पात्रता परीक्षेतून आलेले, पुष्कळदा नाक्यापलीकडच्या 'इंटरनॅशनल' पाटीखालच्या शिक्षकांपेक्षा सरस. खिचडीही चांगली असते. पण तिथे गावातल्या एकाही घरमालकाचं पोर सापडणार नाही. आमच्याही घरचं नाही.

महामार्गाने बाकीचं काम केलं. डोंगराकडच्या अंगाला पाडे आणि चाळी, स्टेशनकडच्या अंगाला सोसायट्या आणि बहुतेक खासगी शाळा. कुणी नकाशा काढून ही वाटणी केली नाही. फीच्या पावत्यांनी ती आपोआप झाली.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने घर घेताना आधी 'स्कूल डिस्ट्रिक्ट' पाहिला, मग स्वयंपाकघर. तिकडे शाळेची हद्द कागदावर आखलेली असते, शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या हद्दीतल्या घरपट्टीतून येतो, आणि म्हणून रस्त्याच्या अल्याड-पल्याड घराच्या किमतीत मोठा फरक पडतो. 1974 मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की शहरातल्या शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी उपनगरांच्या हद्दी ओलांडता येणार नाहीत, कारण त्या उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नाही. गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेलेली होतीच. निकालाने त्यांना तिथे निर्धास्त केलं. मावसभाऊ म्हणतो, "तुमच्याकडे बरं आहे, हद्द नसते." हद्द नसते हे खरं. आमच्याकडे वर्तुळ असतं.

हे वर्तुळ शिक्षण हक्क कायद्याने आणलं. 2009 चा कायदा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा आसपासच्या, म्हणजे शाळेभोवतीच्या ठरावीक अंतरातल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या, फीची भरपाई सरकार करणार. शाळा कोर्टात गेल्या, आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने तरतूद कायम ठेवली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना मात्र वगळलं. मिरा रोडच्या पट्ट्यात अशा शाळा काही थोड्या नाहीत, त्यामुळे वर्तुळाला सुरुवातीपासूनच भोकं होती. वर सरकारची भरपाई, पोरामागे वर्षाला कमाल 17,670 रुपये, तीही वर्षानुवर्षं थकलेली. शाळांची कुरकुर सगळी खोटी नव्हती.

आमच्या चाळीत परभणीकडचं एक कुटुंब राहतं. नवरा रिक्षा चालवतो, बायको पलीकडच्या एका सोसायटीत चार घरी पोळ्या करते. 2024 मध्ये त्यांच्या थोरल्या पोराचा फॉर्म भरायचा होता. कागद सगळे होते. जातीचा दाखला होता, त्यामुळे लाखाच्या उत्पन्नाची अटही आड येत नव्हती. अडलं ते रहिवासाच्या पुराव्यावर. भाडेकरू असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि आमच्या चाळीत करार कधी झालेलेच नव्हते. अनामत हातावर, भाडं हातावर, पावती विचारायची नाही. चाळ सांभाळणाऱ्या माझ्या काकांनी साफ सांगितलं, "कागद दिला का खोली गेली समज." ज्या घराला कुळकायद्याने जमीन मिळाली, त्या घराला कागदाची ताकद सगळ्यात चांगली ठाऊक असणार. आत्या मध्ये पडली. "त्याचा पोरगा शिकला तं तुजी भिंत परंल का?" असं म्हणाली आणि दोन दिवस काकांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अकरा महिन्यांचा करार झाला, नोंदणीसकट.

एप्रिलमध्ये सायबर कॅफेत मी त्यांच्यासोबत बसले. पोर्टलवर गुगलचा नकाशा उघडतो आणि त्यावरचा लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो. तिथून सरळ रेषेत एक किलोमीटर, पुढे तीन किलोमीटर, असं अंतर मोजून शाळांची यादी येते. सरळ रेषेला महामार्ग ठाऊक नसतो, ट्रेलर ठाऊक नसतात. पोराच्या आईने फुगा स्वतः ठेवला, चाळीच्या पत्र्यांमध्ये आपला पत्रा शोधून. यादी उघडली तर तिच्यात पालिकेच्याच शाळा.

कारण मधल्या काळात, 9 फेब्रुवारी 2024 ला, राज्य सरकारने नियम बदलला होता. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्क्यांतून सूट. कर्नाटकाने 2018 मध्येच असा बदल केला होता. शहरात अशी सरकारी शाळा जवळपास असतेच, म्हणजे जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या. ज्या एका किलोमीटराने ही पोरं त्या फाटकातून आत जाणार होती, त्याच किलोमीटराने ती बाहेर राहिली. आणि ज्या शाळेत फॉर्मशिवाय, सोडतीशिवाय कधीही चालत जाता येतं, तिच्यासाठी आता ऑनलाइन अर्ज. कॅफेवाल्याने प्रिंटचे वीस रुपये घेतले. आई एवढंच म्हणाली, "ही तर आपलीच शाळा."

6 मे ला मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली. सगळ्यांना अर्ज नव्याने भरावे लागले. तोच फुगा, तोच पत्रा. यादी मात्र वेगळी, हायवेपलीकडच्या इंग्रजी शाळांची. राज्यभरात लाखभर जागांसाठी जवळपास अडीच लाख अर्ज आले, आधीच्या फेरीच्या कितीतरी पट. आई-बापांना काय हवंय याचं याहून चांगलं मतदान कुठलं सरकार घेणार? 19 जुलैला न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला. सोडत जूनमध्ये निघाली होती, पण निकाल जाहीर व्हायला जुलैचा तिसरा आठवडा उजाडला. शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या. तोवर पोर पालिकेच्या शाळेत महिनाभर बसलं होतं, त्याला तिथे एक मित्रही मिळाला होता, आणि त्याला ती शाळा सोडायची नव्हती.

नंबर लागला. फी नाही, पण बस कायद्यात बसत नाही, आणि गॅदरिंगचा ड्रेस, सहल, प्रोजेक्टचं सामान हे सुटं सुटं येतच राहतं. आई त्याला चालत नेते, पोळ्यांची पहिली दोन घरं नंतर. ज्या सोसायटीत ती जाते तिथली पोरंही त्याच शाळेत आहेत. पहिल्या आठवड्यात एका घरच्या बाईंनी युनिफॉर्म ओळखला आणि विचारलं, "अगं, डोनेशन किती दिलंस?" हिने खरं सांगितलं. "ते होय," बाई म्हणाल्या. पुढे त्या पोराला वाढदिवसाला बोलावलं की नाही हे मी विचारलेलं नाही. वर्गात तो त्यांच्या मुलाच्या दोन बाक मागे बसतो, एवढं मात्र तो सांगतो.

काकांचा भाडेकरार दर अकरा महिन्यांनी संपतो. मधे त्यांनीच मला विचारलं, या पोराच्या पाठची बहीण कितव्या वर्षी पहिलीत बसेल. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, मग तवापर्यंत दर खेपेला करायला लागंल. स्टॅम्पचा खर्च अर्धा अर्धा, हे त्याच्या बापाला आधीच सांगून ठेव.