इराणी क्रांती

(१९७८-७९). इराणमधील पहलवी राजवट उलथून इस्लामी प्रजासत्ताक स्थापन करणारी लोकक्रांती. १९५३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या साहाय्याने पंतप्रधान मुहम्मद मुसद्दिक यांचे सरकार पाडण्यात आले आणि शाह मुहम्मद रेझा पहलवी (कार. १९४१–७९) याच्या हाती सत्ता एकवटली. त्याने १९६३ मध्ये ‘श्वेत क्रांती’ हा जमीनसुधारणा, साक्षरता व स्त्रियांचा मताधिकार यांचा कार्यक्रम हाती घेतला. शाहवर कडक टीका करणारे धर्मपंडित आयातुल्ला रूहुल्ला खोमेनी यांना १९६४ मध्ये हद्दपार करण्यात आले. १९७३ नंतर तेलाच्या किंमती वाढून अमाप पैसा आला. त्याबरोबर चलनवाढ व विषमताही वाढली. सावाक या गुप्त पोलीस संघटनेच्या दडपशाहीमुळे विरोधी पक्ष निष्प्रभ झाले. मशिदींचे जाळे मात्र टिकून राहिले व बाजारातील व्यापाऱ्यांचा त्याला आर्थिक आधार होता. खोमेनींची प्रवचने ध्वनिफितींद्वारे याच मार्गाने देशभर पोहोचत.

जानेवारी १९७८ मध्ये एका दैनिकात खोमेनींची निंदा करणारा लेख आला. त्याच्या निषेधार्थ कुम येथे निघालेल्या निदर्शकांवर ९ जानेवारीस गोळीबार झाला. मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोक पाळण्याच्या प्रथेनुसार १८ फेब्रुवारीस तब्रीझमध्ये लोक जमले. तेथेही माणसे मारली गेली. त्यांच्या चाळिसाव्यास यझ्द येथे तेच घडले. अशा रीतीने धार्मिक शोकविधीच आंदोलनाचा क्रम ठरवू लागला. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकातील गोळीबारानंतर तडजोडीची शक्यता मावळली. तेलकामगारांच्या संपाने अर्थव्यवस्था ठप्प झाली. डिसेंबरमध्ये मोहरमच्या नवव्या व दहाव्या दिवशी प्रचंड मोर्चे निघाले. १६ जानेवारी १९७९ रोजी शाहने देश सोडला, १ फेब्रुवारीस खोमेनी परतले आणि ११ फेब्रुवारीस सैन्याने तटस्थता जाहीर करताच राजसत्ता संपली.

या लढ्यात उदारमतवादी, डावे, विद्यार्थी, कामगार व स्त्रिया यांचा मोठा वाटा होता. शाहला विरोध हा त्यांच्यातील समान दुवा होता. पुढील राज्यव्यवस्थेविषयी एकमत नव्हते. मार्च १९७९ अखेरच्या सार्वमतात मतदारांपुढे इस्लामी प्रजासत्ताकास होकार वा नकार एवढाच पर्याय ठेवण्यात आला. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या संविधानाने सर्वोच्च अधिकार धर्मशास्त्रज्ञाकडे सोपविला. तत्पूर्वी, ४ नोव्हेंबरला अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेल्यानंतर पंतप्रधान मेहदी बाझरगान यांनी राजीनामा दिला होता. जून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बनीसद्र पदच्युत झाले व डाव्या गटांचा बीमोड करण्यात आला. अनेक प्रवाहांनी मिळून घडविलेल्या क्रांतीची सत्ता अशा प्रकारे देशव्यापी संघटना असलेल्या धर्मगुरुवर्गाच्या हाती गेली.