संगणकजाळ्यांवरील मुक्त खेळ : प्रसार व जतन

मोबदला न घेता आणि नक्कल करण्याची मोकळीक ठेवून ज्यांच्या आज्ञावल्या संगणक वापरणाऱ्यांनी एकमेकांना दिल्या, त्या खेळांना सामान्यतः मुक्त खेळ असे म्हणतात. १९६० नंतरच्या दशकात ही देवघेव छिद्रित कागदी फितींवर होत असे. संगणकांची जाळी अस्तित्वात आल्यावर ती दूरध्वनीच्या तारांवरून होऊ लागली. या खेळांना निर्माता असे, परंतु बहुधा विक्रेता नसे. त्यामुळे त्यांची प्रत सांभाळणे हे कोणाचेच नेमलेले काम नव्हते. त्यांपैकी जे टिकले ते पुष्कळदा योगायोगाने व काही थोड्या व्यक्तींच्या चिकाटीने टिकले आहेत.

जाळ्यांपूर्वीची परंपरा : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. त्याची फीत ज्याला हवी त्याला मिळे आणि तीत ज्याला सुचेल ती भर घालता येई. या संगणकाची निर्माती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) हिच्या ग्राहकांची डेकस ही संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली होती. सभासदांनी लिहिलेल्या आज्ञावल्यांचे ग्रंथालय ती चालवी आणि फक्त नक्कल करण्याचा खर्च आकारी. डेव्हिड ॲल यांनी १९७३ मध्ये बेसिक भाषेतील १०१ खेळांचा संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील आज्ञावली वाचकाने ओळीमागून ओळ स्वतःच्या हाताने संगणकात भरावयाची असे. छापील कागद फितीपेक्षा व चकतीपेक्षा दीर्घायुषी ठरल्याने यातील खेळ आजही जसेच्या तसे वाचता येतात.

ॲडव्हेंचर : जाळ्यावरून पसरलेल्या खेळांत ‘ॲडव्हेंचर’ (पूर्ण नाव ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’) याचे स्थान पहिले मानावे लागते. त्याचे कर्ते विल क्राउदर हे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन (बीबीएन) या कंपनीत नोकरीस होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यातील संदेशवाहक यंत्रांची आज्ञावली लिहिणाऱ्या गटात त्यांचा समावेश होता. क्राउदर दांपत्यास गुहासंशोधनाची आवड होती. केंटकी राज्यातील फ्लिंट रिज व मॅमथ या गुहासमूहांना जोडणारी वाट १९७२ मध्ये ज्या तुकडीने शोधून काढली, तीत पॅट्रिशिया क्राउदर होत्या. पुढे विवाहविच्छेद झाल्यावर आपल्या दोन मुलींना खेळता यावे म्हणून विल क्राउदर यांनी १९७५–७६ च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत हा खेळ लिहिला. खेळाडूने एकदोन शब्दांची आज्ञा टंकावी व संगणकाने पुढील दालनाचे वर्णन छापावे, अशी त्याची रचना होती. चित्रे त्यात मुळीच नव्हती. यातील बरीच दालने त्या गुहेच्या बेडक्विल्ट या भागावर बेतलेली होती.

क्राउदर यांनी हा खेळ कोठे प्रसिद्ध केला नाही. तो बीबीएनच्या संगणकावर राहिला आणि जाळ्यावरील इतर यंत्रांनी त्याच्या प्रती काढून नेल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी डॉन वुड्स यांना त्याची एक प्रत तेथील वैद्यकीय केंद्राच्या संगणकावर आढळली. त्यात भर घालण्यासाठी त्यांना कर्त्याची अनुमती हवी होती, परंतु क्राउदर यांचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तेव्हा त्यांनी जाळ्यावरील प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने संदेश पाठविला. सबंध जाळ्यातील यंत्रांची यादी त्या काळी इतकी लहान होती, की हा उपाय शक्य झाला व फळासही आला. क्राउदर यांनी मूळ संहिता दिली. वुड्स यांनी १९७७ मध्ये पुरी केलेल्या आवृत्तीत ठिकाणांची संख्या ७८ वरून १४० झाली, मूळची सु. ७०० ओळींची संहिता सु. ३,००० ओळींवर गेली आणि गुणगणनेची पद्धती आली. संगणकाच्या व्यवस्थापकाला कामाच्या वेळात गुहा ‘बंद’ ठेवता यावी, अशीही सोय वुड्स यांनी केली होती. या खेळापायी किती कामाचे तास खर्ची पडत होते, याची कल्पना त्यावरून येते. त्याच वर्षी रँड कॉर्पोरेशनमधील जिम गिलॉग्ली यांनी खेळाचे सी भाषेत रूपांतर केले. ते युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर अनेक विद्यापीठांत पोहोचले.

अनुमती विचारण्याची ही रीत सर्वांनी पाळली असे मात्र नाही. ‘ॲडव्हेंचर’ पाहून एमआयटीमधील मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन व ब्रूस डॅनिएल्स यांनी १९७७ मध्ये ‘झॉर्क’ हा खेळ लिहावयास घेतला. जाळ्यावरून कोणीही परस्थ व्यक्ती तो खेळू शके. मूळ संहिता मात्र कर्त्यांनी कूटरूपात ठेवली होती. डेकमध्ये ती कूटरचना उकलली गेली, तेथील एका अभियंत्याने तिचे फोर्ट्रानमध्ये रूपांतर केले व ते ‘डंजन’ या नावाने डेकसमार्फत सर्वत्र गेले. कर्त्यांपैकी काहींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढून ‘झॉर्क’ विकावयास आणला. अशा रीतीने एकच खेळ विक्रीचा माल आणि फुकट मिळणारी प्रत अशा दोन्ही रूपांत वावरू लागला. ज्या संस्थांच्या संगणकांवर हे काम झाले, त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा शासकीय अनुदानातून येत असे, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. फुकट देवघेव ही कोणाच्या तरी पैशावर चालली होती.

रोग, हॅक व नेटहॅक : मूळ संहिता मिळणे किंवा न मिळणे यावर खेळाचे भवितव्य कसे अवलंबून असते, याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘रोग’ हा खेळ होय. मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी तो १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केला. पुढे केन आर्नल्ड यांनी त्यात सुधारणा केल्या. पडद्यावर अक्षरचिन्हांनी भुयाराचा नकाशा काढावयाचा व प्रत्येक डावास तो नव्याने रचावयाचा, ही त्यातील कल्पना होती. १९८३ मध्ये बर्कली येथील युनिक्सच्या ४·२ आवृत्तीबरोबर हा खेळ सर्वत्र गेला. परंतु केवळ यंत्रभाषेतील रूपात. तो खेळता येई, उघडून पाहता येत नसे.

मॅसॅचूसेट्स राज्यातील एका शाळेचे विद्यार्थी जे फेनलेसन व त्यांचे सोबती यांनी तेव्हा तशाच धर्तीचा ‘हॅक’ हा खेळ स्वतः लिहून काढला. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्र केंद्रातील आंद्रीस ब्राउवर यांनी त्याचा विस्तार करून १९८४ च्या डिसेंबरात तो मूळ संहितेसह यूजनेटवर प्रसृत केला. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतील लोकांनी आपापल्या यंत्रांसाठी त्याची रूपांतरे केली. माइक स्टीव्हन्सन यांनी ती एकत्र करून जुलै १९८७ मध्ये ‘नेटहॅक’ प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते जाळ्यावरून भेटले व जाळ्यावरूनच काम करीत राहिले, म्हणून त्यास हे नाव मिळाले. पुढील प्रत्येक प्रतीबरोबर मूळ संहिता दिलीच पाहिजे, अशी अट त्याच्या अनुज्ञापत्रात आहे. या गटातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इझचाक मिलर १९९४ मध्ये निवर्तले. खेळातील एका गावात दिव्यांचे दुकान आहे, त्याच्या दुकानदाराचे नाव इझचाक असेच आहे.

प्रसाराचे तंत्र : ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये कल्पिलेले यूजनेट हे आर्पानेटहून निराळे होते. आर्पानेट हे संरक्षण खात्याच्या पैशावर उभे असून त्यात निवडक संस्थांनाच प्रवेश असे. यूजनेटमध्ये एक संगणक रात्री, दूरध्वनीचे दर कमी असताना, शेजारच्या संगणकास दूरध्वनी करी आणि साठलेले संदेश देई व घेई. असे टप्प्याटप्प्याने संदेश दूरवर जाण्यास काही दिवस लागत. या मार्गाने केवळ साधी अक्षरे सुखरूप जात, आणि लांबलचक संदेश वाटेत तुटण्याचा संभव असे. म्हणून खेळाची संहिता अनेक भागांत विभागून पाठवीत. मिळालेले भाग क्रमाने लावले, की मूळ फाइली परत आपोआप तयार होतील अशा सूचना त्या भागांतच गुंफलेल्या असत. यंत्रभाषेतील फाइल पाठवावयाची झाल्यास तिचे अक्षरांत रूपांतर करावे लागे. त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्याने आकार सु. एकतृतीयांशाने वाढे. एखादा भाग हरवला, तर तो पुन्हा पाठवावा अशी विनंती करण्यावाचून गत्यंतर नसे.

लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसृत केलेल्या ‘पॅच’ या आज्ञावलीने बराच भार हलका केला. खेळाची सुधारित आवृत्ती सबंध पाठविण्याऐवजी जुन्या व नव्या संहितेतील फरकच पाठवावा व तो घेणाऱ्याने आपल्या प्रतीत भरावा, असे तिचे कार्य होय. तथापि हे साधण्यासाठी जुनी प्रत तंतोतंत सांभाळलेली असावी लागे. संग्रह ठेवण्याची गरज अशा रीतीने तंत्रातूनच निर्माण झाली. खेळांच्या संहितांसाठी १९८७ पासून यूजनेटवर स्वतंत्र विभाग होता. आलेला खेळ संपादक पडताळून पाही आणि त्यास खंड व अंक यांचे क्रमांक देऊन प्रसृत करी. नियतकालिकाप्रमाणे क्रमांक दिल्यामुळे कोणत्याही संस्थेला आपल्या संग्रहात काय उणे आहे ते सहज कळे.

संग्रहालये : नाव न नोंदविता कोणासही फाइली उतरवून घेता येतील अशी भांडारे १९८० नंतर अनेक ठिकाणी उभी राहिली. त्यांपैकी सिमटेल-२० हे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणी केंद्राच्या संगणकावर होते. अस्त्रचाचणीसाठी असलेल्या यंत्रावर घरगुती संगणकांचे खेळही नांदत होते. ते १९९३ मध्ये बंद पडले, परंतु सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठासारख्या ठिकाणी त्याच्या प्रतिकृती असल्याने फारशी हानी झाली नाही. कोणती फाइल कोठे आहे हे शोधण्यासाठी माँट्रिऑल येथील मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एमटेज व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये ‘आर्ची’ ही सूची तयार केली. शब्दप्रधान साहसखेळांचा स्वतंत्र संग्रह फोल्कर ब्लासिउस यांनी १९९२ मध्ये जर्मनीतील एका शासकीय संशोधनसंस्थेच्या संगणकावर सुरू केला. तो पुढे अमेरिकेत हलविण्यात आला असून २०१६ मध्ये स्थापन झालेली एक विनानफा संस्था नंतर त्याची देखभाल करू लागली. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ या खेळाचा विनामूल्य भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या भांडारात ठेवला गेला, तेव्हा विक्रेत्यांनीही या मार्गाचा लाभ घेण्यास आरंभ केला होता.

यूजनेटवरील संदेश काही दिवसांनी पुसून टाकण्याचा प्रघात होता, कारण चकत्या महाग होत्या. टोराँटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी मात्र १९८१ ते १९९१ या काळातील संदेश १४१ चुंबकीय फितींवर साठवून ठेवले. त्यांतील वीस लाखांहून अधिक संदेश २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्या काळातील खेळांविषयीच्या चर्चा व पुष्कळशा संहिता केवळ या फितींमुळे उपलब्ध आहेत.

क्राउदर यांची मूळ संहिता मात्र हरवली असेच अनेक वर्षे मानले जात होते. मूळ खेळ म्हणजे गुहेचे केवळ यथातथ्य वर्णन असून त्यातील अद्भुताचा भाग सर्वस्वी वुड्स यांचा, असे त्या काळात बहुतेकांनी गृहीत धरले होते. २००५ मध्ये स्टॅनफर्ड येथील जुन्या राखीव प्रतींत, वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील खात्यात, ती संहिता सापडली. डेनिस जर्झ यांनी तिचा व प्रत्यक्ष गुहेचा अभ्यास करून २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवरून बुटके, जादूची छडी व गुप्त शब्द हे क्राउदर यांच्याच संहितेत होते, हे सिद्ध झाले आणि आधीचे मत सोडून द्यावे लागले. वुड्स यांनी १९९५ मध्ये केलेली आवृत्ती एरिक रेमंड यांनी उभय कर्त्यांच्या संमतीने २०१७ मध्ये मुक्त अनुज्ञापत्राखाली प्रसिद्ध केली.