सारस, सुगरण आणि ऑस्प्रे : घरट्यापाशी बसलेल्या माणसांचा इतिहास

स्कॉटलंडमध्ये लॉख आर्केग नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठच्या जंगलात एका उंच झाडाच्या शेंड्यावर ऑस्प्रे या मासेमार शिकारी पक्ष्याचं घरटं आहे आणि 'वुडलँड ट्रस्ट' या संस्थेने त्यावर कॅमेरा लावला आहे. २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत जग टाळेबंदीत घरात बसलं होतं, तेव्हा या घरट्याकडे हजारो लोक रोज पाहत होते. लुई नावाचा नर आणि आयला नावाची मादी. तीन अंडी, मग तीन पिल्लं. आपल्याकडे तो रमजानचा महिना होता, मशिदी बंद होत्या, ईदची नमाज घरातच पढावी लागली. मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींतून चार भिंतींपलीकडचं जग दिसायचं ते मोबाइलच्या पडद्यावरच. तिकडची पहाट आपल्याकडे सकाळी साडेआठ-नऊला उजाडते. सहरी, फजर, थोडी झोप आणि मग घरट्यावर नजर, असा दिवस ज्यांनी घालवला त्यांना तो आठवत असेल.

ऑस्प्रेचं कौटुंबिक जीवन पाहण्यासारखं असतं. मादी दोन-तीन अंडी घालते. सुमारे सदतीस दिवस ती उबवली जातात. या काळात आणि पिल्लं झाल्यावरही मासे आणण्याचं काम मुख्यतः नराचं. तो बहुधा माशाचं डोकं आधी स्वतः खातो आणि उरलेला मासा घरट्यावर आणतो. मादी त्याचे बारीक तुकडे करून एकेका पिल्लाला भरवते. पाऊस आला की पंख पसरून त्यांच्यावर छप्पर धरते. सात-आठ आठवड्यांत पिल्लं उडू लागतात आणि शरद ऋतूत प्रत्येक जण एकटा, आईबापाशिवाय, पश्चिम आफ्रिकेच्या दिशेने निघतो. वाट कुणी दाखवत नाही.

कॅमेरा नवा, इंटरनेट नवं, म्हणून हा छंदही नवा आणि परदेशी वाटतो. "हे गोऱ्यांचे चोचले, आपल्याला पोटापाण्यातून सवड कुठे?" असं आपल्या वस्त्यांमधून अनेकदा ऐकू येतं. इतिहास मात्र वेगळं सांगतो. घरट्यापाशी बसून, वेळ मोजून, पाहिलेलं जसंच्या तसं लिहून ठेवण्याच्या जुन्या आणि उत्तम नोंदींपैकी काही याच देशात, मुसलमानांच्या हातून झाल्या आहेत. त्यातली एक महत्त्वाची नोंद तर आपल्या कोकणातली, अलिबागजवळच्या किहीमची आहे.

बादशहा आणि सारस

पहिली गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची. बादशहा जहांगीरने सारस पक्ष्यांची एक जोडी लहानपणापासून पाळली होती. नावं ठेवली होती लैला आणि मजनू. पाच वर्षांनी एका खोजाने येऊन सांगितलं की दोघांचं मीलन त्याच्यासमोर झालं. बादशहाने हुकूम केला की पुन्हा तसं चिन्ह दिसलं तर लगेच कळवा. एके दिवशी पहाटे निरोप आला तसा तो स्वतः धावत पाहायला गेला. पुढे मादीने अंडी घातली आणि जहांगीरच्या आत्मचरित्रात, म्हणजे 'तुझुक-ए-जहांगिरी'त, त्या घरट्याची रोजनिशीच उतरली. दुसरं अंडं पहिल्यानंतर अठ्ठेचाळीस तासांनी. रात्रभर मादी अंड्यांवर, नर शेजारी उभा राहून पहाऱ्याला. एकदा मुंगसासारखा एक प्राणी जवळ आला तेव्हा नर त्याच्यावर तुटून पडला. सूर्य उगवला की नर मादीजवळ जाऊन तिच्या पाठीवर चोच फिरवतो, ती उठते आणि तो बसतो. चौतीस दिवसांनी पहिलं पिल्लू बाहेर आलं.

आज पक्षिशास्त्राचा विद्यार्थी घरट्याच्या नोंदवहीत काय लिहितो? अंडी कधी घातली, किती दिवस उबवली, कोण किती वेळ बसलं, शत्रू कोणता आला. जहांगीरने हेच लिहिलं होतं, आणि तेही ऐकीव गोष्टींवर विसंबून नव्हे, पडताळून.

हा माणूस साधुसंत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वयाच्या पन्नाशीपर्यंत स्वतःच्या हाताने १७,१६७ शिकारी केल्याचा हिशेब त्याच आत्मचरित्रात त्याने दिला आहे. पुढे लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा, तो बरा झाला तर आपल्या हाताने कुठलाही जीव मारणार नाही, असा नवस त्याने केला. बंदुकीची नळी आणि पाहणाऱ्याचा डोळा, दोन्ही एकाच माणसात होते. ही ओढाताण पुढे तीनशे वर्षांनी मुंबईतल्या एका मुलातही दिसते.

खेतवाडीतला मुलगा

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा, मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात. वडील ते वर्षाचे असताना गेले, आई तिसऱ्या वर्षी. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात त्यांना वाढवलं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. या घराण्यात 'अखबार' नावाच्या वह्या ठेवण्याची जुनी रीत होती. घरात काय घडलं, कोण आलं, काय पाहिलं, हे घरच्या माणसांनी त्यात लिहायचं. पाहिलेलं लिहून ठेवण्याची सवय सलीमला घरातूनच मिळाली असावी, असं मला वाटतं.

त्यांची पक्ष्यांवरची पहिली नोंद वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीची आहे आणि ती घरट्याचीच आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. बाहेर नर पहाऱ्याला बसायचा. मुलाच्या हाती छर्‍याची बंदूक. त्याने नर मारला. थोड्या वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला. सात दिवसांत असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळालेला दिसला. म्हाताऱ्या सलीम अलींना ही नोंद शिकारी म्हणून शोभेची वाटली नाही, पण निरीक्षण म्हणून मोलाची वाटली.

त्यानंतरची गोष्ट प्रसिद्ध आहे. एक चिमणी मारली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खायला चालेल का, असा प्रश्न मुसलमान घरातल्या त्या मुलाला पडला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं मुलासमोर उघडली. हलाल-हरामच्या एका साध्या घरगुती शंकेतून भारतीय पक्षिशास्त्राचा सर्वांत मोठा माणूस घडला. त्यांच्या १९८५च्या आत्मचरित्राचं नावही चिमणीवरूनच आहे : 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

किहीमचा पावसाळा

सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. मग ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३०मध्ये परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. पदवी नाही म्हणून दुसरीकडे नोकरी मिळेना. पत्नी तहमीना यांच्यासह ते समुद्राकाठच्या किहीमला राहायला गेले. मुंबईपेक्षा तिथला खर्च कमी.

घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळ होता. शिडी लावून, आडोशाला बसून ते तासन् तास खोपे पाहत राहिले. कोणता नर, कोणतं घरटं, कोणती मादी, कोणत्या दिवशी काय, असा सगळा हिशेब वहीत. लहानपणी आठ नर मारून जो प्रश्न अर्धवट राहिला होता तो, म्हणजे घरट्यापाशी नर-मादीचं नातं नेमकं काय असतं, त्याचं उत्तर इथे एकही गोळी न झाडता मिळालं.

आपल्या भाषेने या पक्ष्याला 'सुगरण' हे बाईचं नाव दिलं आणि खोप्याचं सगळं कौतुक तिच्या पदरात घातलं. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडला तर ताबा घेते. मग नर खोपा पूर्ण करतो, खाली नळी विणतो. मादी अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. एकामागून एक अशी घरं मांडण्याची ही पद्धत सलीम अलींनी १९३१मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मांडली आणि जगभरच्या अभ्यासकांनी तिची दखल घेतली.

त्याआधी, १९२७-२८मध्ये, त्याच नियतकालिकात त्यांनी मोगल बादशहांवर निसर्गनिरीक्षक आणि शिकारी म्हणून तीन भागांची लेखमाला लिहिली होती. म्हणजे लैला-मजनूच्या घरट्याची रोजनिशी वाचलेला माणूस किहीमच्या शिडीवर बसला होता. शाळेतल्या पुस्तकांत मोगल भेटतात ते लढाया आणि इमारतींपुरते. पाहून, मोजून लिहिण्याचा त्यांचा वारसा कोकणातल्या एका पावसाळ्यात असा पुढे सरकला, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितलं जातं.

पायातली कडी, पाठीवरचं यंत्र

पुढे १९५९पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हाती घेतलं. कडीवर अनुक्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा असा मजकूर. दूर देशी कुणाला तो पक्षी सापडला तर पत्र येई. आज ते काम उपग्रह करतो. २०२२च्या जानेवारीत सोसायटीने ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली. त्यातल्या एकाचं नाव 'हुमायून', पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ठेवलेलं. सोसायटीच्या संग्रहातल्या हजारो पक्ष्यांची सूची त्यांनी सिद्ध केली. त्यांच्या नावाचा हा फ्लेमिंगो ठाणे खाडीतून गुजरातेत गेला आणि त्याचा मार्ग लोकांनी घरबसल्या पाहिला.

पाहण्याने काय होतं?

ब्रिटनमध्ये शिकारी आणि अंडीचोर यांच्यामुळे ऑस्प्रे १९१६च्या सुमारास वीण करेनासा झाला. १९५४मध्ये लॉख गार्टनपाशी एक जोडी परतली. १९५८मध्ये कुणीतरी रात्री चढून घरटं लुटलं. त्यानंतर जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा विचार केला. घरटं लपवण्याऐवजी रात्रंदिवस पहारा बसवला आणि १९५९मध्ये लोकांना दुर्बिणीतून ते पाहू दिलं. हजारो लोक आले. ज्याच्यावर हजारो डोळे आहेत ते घरटं चोरायला अवघड जातं. आजचा कॅमेरा त्याच पहाऱ्याची पुढची पायरी आहे.

आपल्या परंपरेत या गोष्टीला आधार आहे. अबू दाऊदच्या संग्रहातली एक हदीस अनेकांना ठाऊक असेल. प्रवासात काही सहाब्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती वर घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी ते पाहिलं, हिला कुणी दुःख दिलं असं विचारलं आणि पिल्लं परत करायला लावली. तिथेही सुरुवात पाहण्यापासूनच होते. घिरट्या सगळ्यांच्या डोक्यावर चालल्या होत्या.

आता आपल्या शहराकडे या. मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, मधे तिवरं आणि जुनी मिठागरं. ऑस्प्रे आपल्याकडे घरटं करत नाही. पण थंडीत तो उत्तरेतून ठाणे-वसईच्या खाड्यांवर पाहुणा येतो. पांढरं पोट, डोळ्यावरून मागे जाणारा काळा पट्टा, पाण्यावर क्षणभर जागीच फडफडणं आणि मग पाय पुढे काढून सूर. उत्तनच्या कोळ्यांना असे मासेमार पाहुणे नवे नाहीत.

त्याला मासा मिळतो तो तिवरांमुळे, कारण कित्येक माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांतच वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली, २०१२मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. तरीही भराव थांबलेले नाहीत आणि वर्सोवा ते भाईंदर या किनारी रस्त्यासाठी हजारो तिवरांवर कुऱ्हाड येणार आहे. या शहरात आपणही भराव आणि मिठागरांशेजारच्याच इमारतींत राहतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून आलेल्या कित्येक कुटुंबांना नयानगरने आसरा दिला. घर उठल्यावर काय होतं, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना घरट्याचं मोल वेगळं समजवावं लागू नये. रस्ता हवा की नको, यावर मतं वेगळी असू शकतात. पण जे पाडलं जाणार आहे ते निदान पाहिलेलं, मोजलेलं, लिहिलेलं तरी असावं. जनसुनावणीत आकडे घेऊन उभा राहणारा माणूस त्याच शहरातला असला तर त्याच्या बोलण्याला वजन येतं.

महाराष्ट्र शासनाने २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. ऑस्प्रे आलेला असतो तोही याच सुमारास. त्या आठवड्यात एखाद्या सकाळी फजरनंतर मुलांना खाडीकाठी घेऊन जा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालेल. वही-पेन मात्र विसरू नका. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती वेळ दिसलं, एवढं लिहिलं की पुरे.