व्हांपोआची शाळा

१६ जून १९२२ च्या पहांटे कँटन शहरांत डॉ. सन-यत-सेन यांच्या निवासस्थानावर हल्ला झाला. हल्ला करणारें सैन्य उत्तरेकडील शत्रूचें नव्हतें. चेन-च्युंग-मिंग या त्यांच्याच सेनापतीचें होतें. डॉक्टर कसेबसे निसटले व एका गनबोटीवर त्यांनीं कित्येक आठवडे काढले. मांचू राजवट उलथण्यासाठीं ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या पुरुषापाशीं स्वतःची म्हणावी अशी फौज नव्हती!

श्रोतेहो, त्या काळीं चीनमध्यें खरी सत्ता प्रांतोप्रांतींच्या लष्करी सुभेदारांची होती. शिपाई ज्याचें अन्न खाई त्याचा. सुभेदार फितला कीं सारें सैन्य फितलें. १९२३ सालीं सन-यत-सेन कँटनला परतले तेहि युन्नान व क्वांग्सी प्रांतांच्या भाडोत्री फौजांच्या जोरावर, आणि या फौजांनीं शहरांतील जुगार व अफू यांचें उत्पन्न स्वतःकडेच ठेवलें. पगार थकला म्हणजे धन्याच्या दारीं धरणें धरणारें लष्कर मराठी इतिहासास अपरिचित नाहीं. येथें धनीच लष्कराच्या दारीं बसला होता.

पुढें रशियाचा पैसा व सल्लागार मिळाले, आणि कँटनच्या खालच्या अंगास पर्ल नदींतील व्हांपोआ बेटावर सैनिकी विद्यालय उघडलें. उद्घाटनाचा दिवस १६ जून १९२४. बंडास त्या दिवशीं बरोबर दोन वर्षें झालीं. चँग-कै-शेक प्रमुख झाले. परंतु शाळा जगविली ती, माझ्या मतें, लियाव-चुंग-काय या पक्षप्रतिनिधीनें. खर्चाच्या मंजुरीसाठीं त्यांना युन्नानी फौजेचा सेनापति यांग-शी-मिन याच्या अफूच्या बिछान्यापाशीं सही होईपर्यंत तिष्ठावें लागे, अशी आठवण त्यांच्या पत्नीनें सांगितली आहे.

पहिल्या तुकडींत सुमारें ५०० तरुण घेतले. शिक्षण अवघें सहा महिन्यांचें. ज्यांस हुद्दा व पैसा हवा त्यांनीं दुसरीकडे जावें, जिवाची धास्ती असणाऱ्यांनीं आंत येऊं नये, असें दारावरच बजावलें होतें. कवायत व नेमबाजी कोठेंहि शिकवितात. आपण कोणासाठीं लढतों हें शिपायास शिकविणें, ही येथील नवलाई. १९२५ च्या आरंभीं याच पलटणींनीं चेनच्या फौजेचा पाडाव केला. ती मोहीम चालू असतांच, १२ मार्च रोजीं, सन-यत-सेन पेकिंगला वारले. ऑगस्टमध्यें लियाव यांचा खून झाला.

आतां शिकविलेली निष्ठा कोणाच्या वांट्यास जावी? पक्षांत राष्ट्रवादी होते, तसे साम्यवादीहि होते. राजकीय विभागाचे प्रमुख चौ-एन-लाय साम्यवादीच. १९२६ च्या जुलैंत उत्तरेची मोहीम निघाली तेव्हां दोघे एकत्र होते. एप्रिल १९२७ मध्यें शांघाय येथें चँग यांनीं साम्यवाद्यांची कत्तल आरंभिली. १ ऑगस्ट रोजीं नानचांगला चौ यांच्या पुढारीपणाखालीं उठाव झाला; त्यांत चौथ्या तुकडीचा लिन-पियाव हा तरुण अधिकारी होता. १९४९ पर्यंत चाललेल्या यादवींत दोन्ही छावण्यांतील कित्येक सेनापति याच बेटावर शिकलेले होते.